पाठीवरचं अत्तर

माझी आपा कुणाच्याही घरी गेली की आधी दारात उभी राहायची आणि नाक आत पाठवायची. नाक सगळं घर हिंडून सुखरूप परत आलं, तरच बाकीची आपा आत जायची. नाहीतर "शी!" एवढंच म्हणून उंबऱ्यावरूनच माघारी. मग ते लग्नघर असो, बारशाचं असो की मयताचं. एका मयताच्या घरून परतताना ती मला म्हणाली होती, "गेलेल्या माणसाचं वाईट वाटलं रे. पण त्या घरात त्याच्याही आधी कुणीतरी गेलंय, आणि ते अजून कपाटामागे आहे." चाळिसावा झाल्यावर त्या लोकांनी कपाट सरकवलं. घूस निघाली.

आपा म्हणजे माझी थोरली बहीण कुलसुम. उर्दू शाळेत शिक्षिका. नवरा लवकर गेला, पदरी एकुलता एक अन्वर. बिबवेवाडीत आमची घरं एकावर एक होती. वर आपा, खाली मी, आणि रस्त्याच्या अंगाला माझं विजेच्या सामानाचं दुकान. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण किळस मात्र आपा मराठीतच करायची. कारण विचारलं तर म्हणायची, "आपल्या बोलीत शिवी दिली तरी समोरच्याला वाटतं जेवायला बोलावलंय. पुणेरी मराठीत नुसतं 'या' म्हटलं तरी माणूस उठून जातो."

शेजारच्या गोडबोले काकू फोडणी टाकून दुसऱ्या कामाला लागायच्या आणि खिडकीतून ओरडायच्या, "अहो कुलसुमबाई, माझी मोहरी झाली का हो?" आपा आपल्या खिडकीतून उत्तर द्यायची, "मोहरी मघाशीच झाली. आता हिंग जळतोय. आणि काकू, ओट्यावरचं ते फडकं आता दफन करा." स्वारगेटला गाडी लागली की ती इथे घरात बसून सांगायची, कोल्हापूरची आहे, तिसऱ्या बाकावर कुणीतरी डब्यातला रस्सा सांडलाय. यात मी वाढवलंच असेल तर फार तर एखादा बाक.

"नाकाला पापणी नसते, बाबू," ती मला म्हणायची. "डोळ्यांना दिली, नाकाला द्यायचं राहून गेलं." आणि देवाची चूक काढली म्हणून लगेच गालांवर हात मारून तौबा करायची. तिचं दुसरं वाक्य तर शाळेतल्या पोरींनाही पाठ होतं. "माणूस खोटं बोलतो. वास खोटं बोलत नाही."

या नाकाचा तिला अभिमान होता, कारण ते खानदानी होतं. अब्बांचं भवानी पेठेत अत्तराचं दुकान होतं, एवढं छोटं की गिऱ्हाईक आत आलं तर अब्बांना बाहेर यावं लागायचं. पण अब्बा सांगायचे, आपले पणजोबा हसनमियाँ नवाबाच्या दरबारात अत्तर पुरवायचे. कुठल्या नवाबाच्या, ते समोर पाहुणा कोण बसलाय यावर ठरायचं. कधी हैदराबादच्या, कधी जंजिऱ्याच्या. आणि त्या दरबाराची निशाणी म्हणून आमच्या घरात एक रिवाज होता, जो पुण्यात मी दुसऱ्या कुणाच्याच घरी पाहिला नाही. लोक अत्तर मनगटाला लावतात, कानात फाया ठेवतात. आम्ही पाठीला लावायचो. दोन खांद्यांच्या मधोमध, सदऱ्याच्या आतून. शुक्रवारी नमाजाला निघण्याआधी अब्बा आम्हा पोरांना ओळीने उलटं उभं करून अंगठा फिरवायचे. "दरबारी माणूस निघून गेला तरी त्याचा वास मागे रेंगाळला पाहिजे," ते म्हणायचे. मी एकदा विचारलं, "अब्बा, नवाबाला तर पाठ दाखवायची नसते ना? मग त्याला वास कसा यायचा?" त्यावर त्याच अंगठ्याने माझा कान धरला गेला, आणि इतिहास हा विषय तिथेच संपला.

अब्बा गेले, दुकान गेलं. कुप्यांची पेटी मात्र आपाने ठेवून घेतली, आणि अन्वर नोकरीला लागल्यावरही रोज सकाळी दारात अडवून त्याच्या पाठीला अंगठा लावायची ती लावायचीच.

तर या अन्वरने मुलगी पसंत केली. नसरीन. त्याच्याच ऑफिसातली, हुशार, दिसायला नीटस. ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा आपाने शीरखुर्मा केला होता. मुलगी आत आली, सलाम केला, खुर्चीवर बसली, आणि आपाच्या नाकपुड्या अशा फुलल्या की मला वाटलं, आता पडदे आत ओढले जाणार.

"वडील काय करतात?" आपाने विचारलं.

"बाजारात दुकान आहे, खाला."

"बोंबलाचं," आपा म्हणाली. प्रश्न नव्हता तो. "आणि जवळा. आणि डाव्या हाताला सुकटीची पोती आहेत, त्यांना टेकून तू अभ्यास केलास."

मुलगी हसली. "उजव्या हाताला, खाला. बाकी बरोबर."

ती गेल्यावर आपाने खुर्ची गच्चीत नेऊन ठेवली. पडदे धुतले. मग अन्वरला समोर बसवून म्हणाली, "तिच्यात खोट नाही. पण दरबारच्या अत्तरवाल्यांच्या घरात मी बोंबील आणणार नाही."

अन्वर शांत पोरगा. आईसमोर आवाज चढवणं त्याला जमायचं नाही, म्हणून त्याने आवाज उतरवला. "अम्मी, दरबार कुणी पाहिलाय? घाटाखाली इस्माईल चाचा आहेत ना, नानांचे, म्हणजे तुझ्या अब्बांचे चुलतभाऊ. त्यांना विचार. त्यांनी दरबार होता म्हणून सांगितलं तर मी स्वतः नसरीनला नाही म्हणतो."

"वचन?"

"वचन. आणि नव्हता म्हणाले तर?"

आपा एवढी हसली की डोळ्यांना पाणी आलं. "तर मी स्वतः तिच्या बापाच्या, करीमभाईच्या दुकानात जाऊन मागणी घालीन. पोत्यावर बसून!"

अशा रीतीने, एका पोराच्या लग्नासाठी की एका पोराचं लग्न मोडण्यासाठी हे ठरलेलं नसताना, आम्ही दोघं बहीण-भाऊ एका रविवारी सकाळी खानदानाचा शोध घ्यायला निघालो. दुकानाची व्हॅन होती, त्यात मी पुढे आणि आपाही पुढे, कारण मागे वायरींच्या रबराचा वास. कात्रजचा चढ लागायच्या आत तिने माझ्याबद्दलही मत दिलं. "मोजे कधीचे आहेत?" मी म्हटलं, कालचेच. "कुठल्या कालचे?" कात्रजला मी मोजे काढून टपावर बांधले. भोरपर्यंत ते टपावरून हवा खात आले. खोटं वाटेल, पण एकाही गाडीने आम्हाला ओव्हरटेक केलं नाही.

वाटेत चहाला थांबलो. टपरीवाल्याने एकाच बादलीत पन्नास पेले बुडवून काढले. त्या बादलीतलं पाणी इतकं दाट झालं होतं की पेला बुडत नव्हता, तो दाबावा लागत होता. आपाने पदराखालून स्वतःचा पेला काढला. बाहेर कुठेही ती स्वतःच्याच पेल्यातून प्यायची आणि दुसऱ्याच्या घरी जेवायची नाही. नवरा गेल्यापासून तर कुणाच्याच हातचा घास तिने घेतला नव्हता, माझ्या बायकोच्याही नाही. बायकोने आधी राग धरला, मग आभार मानले.

भोरला मेहबूबभाईंकडे पहिला थांबा. लांबचे भाऊ, जन्मभर एसटीत कंडक्टर. माणूस मोठा प्रेमळ, पण तिकिटं फाडताना अंगठा जिभेला लावायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. आता तिकिटं नव्हती, तर जे हातात येईल ते. बिस्किटाचा पुडा आणला, अंगठा जिभेला, बिस्कीट मला. अंगठा जिभेला, बिस्कीट आपाला. मग चपात्या आल्या. त्या तर एकावर एक रचलेल्या, म्हणजे तिकिटांचं बुकच! प्रत्येक चपाती सोडवताना जीभ, अंगठा, जीभ, अंगठा. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो, शेवटच्या चपातीला तूप लावायची गरजच उरली नव्हती. मी हळूच ताटाखाली ती चपाती सरकवली, तर मेहबूबभाई म्हणाले, "संपली? घे की!" आणि पुन्हा अंगठा जिभेकडे निघाला.

आपा ताठ बसली होती, "रोजा आहे" म्हणून. खाली मान घालून जगातल्या सगळ्या अंगठ्यांचा विचार करत असावी. पण तेवढ्यात मेहबूबभाई पाणी आणायला वळले, आणि त्यांच्या सदऱ्यातून, बरोबर दोन खांद्यांच्या मधून, गुलाबाचा वास आला.

"भाईजान!" आपा उभीच राहिली. "तुम्हीही पाठीला लावता?"

"म्हणजे काय! आपल्यात तिथंच लावतात."

"का लावतात?"

"ते इस्माईल चाचा सांगतील. मला एवढंच माहीत, लावल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही."

व्हॅनमध्ये बसल्यावर आपाचा चेहरा उजळला होता. "बघितलंस? भोरपर्यंत दरबार पोचला! अन्वरला म्हणावं, सूट शिवायला टाकू नकोस." वरंधा घाट उतरताना वळणावळणाला माझ्या पोटातली बिस्किटं वर येत होती आणि आपा नवाबाच्या गालिच्यांचे रंग सांगत होती.

इस्माईल चाचांच्या अंगणात आम्ही शिरलो तेव्हा आपाचं नाक नेहमीप्रमाणे पुढे गेलं. आणि परत आलंच नाही. अंगणभर जवळा वाळत घातला होता. दोऱ्यांवर बोंबील, खाटेवर बोंबील, छपरावर बोंबील, डिशच्या अँटेनावरसुद्धा चार. माश्या इतक्या की मांजर मधून चालत यायचं तर वाट काढत यायचं. वास म्हणाल तर वास नव्हताच तो, भिंत होती. मी धडकलो. माझे टपावरचे मोजे मला त्या क्षणी मोगऱ्यासारखे आठवले.

आणि त्या भिंतीतून इस्माईल चाचा आले. नव्वदीला टेकलेले, पण अंगाने दार भरेल एवढे. बनियन कधीकाळी पांढरं असावं. दाढीत जवळ्याची दोन-तीन मिश्यांसकट टरफलं. एका हातात पानाची पिंक टाकायचा डबा, तोही काठोकाठ. आपाने एक पाऊल मागे घेतलं, पण चाचांनी डब्यासकट मिठी मारली.

"माज्या भावाची लेक! कुलसुम! आगं, तुजा बाप घाट चढून गेला तो गेलाच. या, बसा. आधी जेवन."

"चाचा, रोजा..."

"कसला रोजा ह्या म्हयन्यात! बापासारखं खोटं बोलतीस व्हय!"

मांडीला मांडी लावून चाचा बसले, तव्यावरची भाकरी घेतली, तिच्यावर लाल चटणी घालून भाजलेला बोंबील चुरला, आणि हाताने घास करून आपाच्या तोंडासमोर धरला. आपाने "शी!" म्हणायला तोंड उघडलं. तेवढं पुरलं. घास आत गेला.

माझ्या आयुष्यात मी बरंच काही पाहिलंय, पण आपाच्या त्या चेहऱ्यासारखं दुसरं काही नाही. गाल फुगलेले, डोळे विस्फारलेले, थुंकावं तर चुलता समोर, गिळावं तर सगळं खानदान आड येतंय. मी घाईघाईने कामाचं विचारून घेतलं. "चाचा, आपण पाठीला अत्तर का लावतो? दरबारचं काय आहे ते?"

"दरबार?" चाचांना ऐकायला कमी यायचं, म्हणून ते पुन्हा ओरडले, "कसला दरबार? आरं, तितं वझं ऱ्हायाचं!"

आपा चावायची थांबली.

"हसन, तुमचा पणजा. खाडीवरनं बोंबलाचं गठुडं पाठीला मारायचा, आन् घाट चढून भोर, भोरावरनं पुनं. पायी. बोंबलाचा रस पाठीत मुरायचा बग. धुतलं तरी जात न्हाय त्यो. पुन्यात मशिदीत उबा ऱ्हायला की बाजूची मानसं सरकायची. रांगेत ह्यो एकला. मग एका अत्तरवाल्याला दया आली. रिकाम्या कुप्यांच्या तळाचं दोन थेंब द्यायचा त्यो, हसन त्याला मूठभर जवळा द्यायचा. ते थेंब ह्यो पाठीला लावायचा. वझ्याच्या जाग्यावर. चढ लागायच्या आदी लावायचा, म्हंजी वास दमानं यील. लोक म्हनायची, हसन आला की आदी गुलाब येतो, मग बोंबील, मग हसन!" चाचा इतके हसले की डबा हिंदकळला, आणि मी पाय उचलून घेतले. "मग बायामानसं म्हनाली, बोंबील ऱ्हाऊ दे, ते काय लावलंस ते दे. तवापास्नं अत्तर. तुज्या बापानं मग गोष्टीतनं बोंबील काडला आन् नवाब घातला. गोष्ट चांगली झाली, पर वास गेला."

आपाच्या तोंडात अजून तो घास होता. एवढा वेळ तिला मधे बोलताच आलं नव्हतं. सगळं ऐकून झाल्यावर तिने तो गिळला. मी घशातून खाली जाताना पाहिला.

"चव बरी हाय न्हवं?" चाचांनी विचारलं.

आपाने पदराने ओठ पुसले. निघताना चाचांनी बोंबलाचं हे एवढं गाठोडं व्हॅनमध्ये टाकलं, आणि नको म्हणायची हिंमत आमच्यापैकी कुणालाच झाली नाही.

व्हॅनच्या काचा उघड्या, मान बाहेर, तरी डोळ्यांतून पाणी. माझ्या मते त्या वासाने मागच्या वायरींवरचं रबर सोलून निघालं. घाट चढायला लागलो तसं आपा पहिल्यांदा बोलली.

"बाबू, तू काही ऐकलं नाहीस."

"काय नाही ऐकलं?"

"चाचा म्हातारे झालेत. भ्रम झालाय. दरबार होता. आपण अन्वरला सांगायचं, चाचांनी दरबार सांगितला."

"आपा, पोरगं वचन पाळेल. खरंच नाही म्हणेल तो तिला."

"म्हणू दे."

माझ्या ओठांवर बरंच आलं होतं, पण आपासमोर बोलायचं म्हणजे आधी दात घासलेत का याची चौकशी व्हायची. एका मोठ्या वळणावर ती म्हणाली, "थांबव. ती घाण दरीत टाकून येते. ती घरी नेली तर खोटं कसं बोलणार?"

मी गाडी कडेला घेतली. ती उतरली, मागचं दार उघडलं, आणि नाकाला पदर लावून एका हाताने गाठोडं ओढू लागली. हलेना. मग पदर सोडून दोन्ही हातांनी ओढलं. कठड्यापाशी नेलं. खाली दरी होती, पलीकडे डोंगर, आणि दूर कुठेतरी ती खाडी असावी. मला वाटलं, आता टाकेल. ती उभीच राहिली. मग तिने नाक गाठोड्याजवळ नेलं. ज्या नाकाने मेलेली घूस कपाटामागून ओळखली, ते नाक तिने आपणहून त्या फडक्याला लावलं आणि श्वास आत ओढला. पुन्हा ओढला. अब्बांना कुपीतला खोटा गुलाब खऱ्यातून निवडताना मी पाहिलं होतं. ते अगदी असाच श्वास घ्यायचे.

आणि मग माझ्या त्या टापटिपीच्या, इस्त्रीच्या साडीतल्या शिक्षिका बहिणीने खाली वाकून ते गाठोडं पाठीवर घेतलं. दोन्ही हात मागे, गाठी घट्ट धरलेल्या. आणि चढाच्या दिशेने चालायला लागली.

"आपा! अगं, काय करतेस?"

"गाडी मागून आण."

मी व्हॅन हळूहळू मागून नेली. एक ट्रकवाला थांबून म्हणाला, "अहो पाव्हणं, म्हातारीला चालवता आणि स्वतः गाडीत बसता? लाज वाटत नाही?" मी म्हटलं, ती माझं ऐकत नाही. "मग तर चालवाच," म्हणून तो गेला. फार नाही चालली ती. फार तर पुढच्या वळणापर्यंत. मी घरी सांगताना वळणं वाढवतो, पण इथे वाढवत नाही. वळणावर ती थांबली, गाठोडं कठड्यावर टेकवलं. केस सुटले होते, चेहरा लाल झाला होता, साडीच्या पाठीवर तेलकट डाग उमटला होता. बरोबर दोन खांद्यांच्या मधे.

"शी!" ती म्हणाली. धापा टाकत म्हणाली. "काय घाण वास आहे! आणि किती जड आहे रे, बाबू. किती जड आहे."

गाठोडं आम्ही दोघांनी मिळून परत व्हॅनमध्ये ठेवलं. नंतर भोर आलं, कात्रज आलं. बिबवेवाडी जवळ आल्यावर ती म्हणाली, "वास खोटं बोलत नाही, असं मी म्हणते ना. मग आता मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी तिने काय केलं, ते बाजारात अजून लोक सांगतात. ती करीमभाईंच्या दुकानात गेली. अन्वर मागे, मी त्याच्या मागे, नसरीन गल्ल्याआडून बघतेय. करीमभाई गडबडून खुर्ची पुसायला लागले. आपाने खुर्ची बाजूला सारली आणि सुकटीच्या पोत्यावर बसली. तोंड असं केलं होतं की जणू तापलेल्या तव्यावर बसलीय.

"करीमभाई, मी तुमच्या मुलीला मागणी घालायला आले आहे."

करीमभाईंचा आनंद तोंडातून निघायच्या आत आपाने समोरच्या पोत्यातला एक बोंबील दोन बोटांनी उचलला, नाकाजवळ नेला आणि टाकला. "पण हा माल घरी पाठवू नका. नीट वाळलेला नाही. आमच्या घराण्यात असला माल कुणी पाठीवर घेतला नसता."

"पाठीवर, आपा?"

"तुम्ही ट्रकने आणता. आम्ही पायी आणायचो. घाट चढून." आणि तिने नसरीनकडे असं पाहिलं, जणू आता स्थळ जरा खालच्या घराण्यातलं पडतंय, पण चालवून घेऊ.

म्हणजे बघा, तिचा तोरा तसूभर कमी झाला नाही. फक्त अत्तरावरून उठून बोंबलावर जाऊन बसला. त्यानंतर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती हसनमियाँची गोष्ट सांगायची, आणि सांगताना नाक मुरडायचीच. किळस तर तिला पूर्वीसारखीच यायची. नसरीनने बोंबील भाजले की ती सगळ्या खिडक्या उघडायची, "शी, शी" करत घरभर उदबत्त्या लावायची, आणि मग ताट घेऊन सगळ्यात आधी बसायची. नसरीनच्या हातचं ती जेवायची. एवढ्या वर्षांत आपणहून फक्त तिच्याच हातचं. नसरीन वाढत असताना म्हणायची, "जरा जास्त भाजलास. चाचांचा बरा होता." शेजारून गोडबोले काकू खिडकीतून विचारायच्या, "अहो कुलसुमबाई, आज आमच्या घरात कसला वास येतोय हो?" आपा सांगायची, "आमच्या पणजोबांचा."

शेवटच्या आजारात नाक तेवढं शाबूत राहिलं होतं. डोळे गेले, पाय गेले. भेटायला आलेल्या नातेवाइकांना ती वासावरून ओळखायची आणि बऱ्याच जणांना लवकर निरोप द्यायची. मेहबूबभाई मोसंबं सोलून देत होते, तर अंगठा तोंडाकडे जायच्या आतच ही उशीवरून म्हणाली, "भाईजान, फोड नुसत्या हातानेच द्या." मला जवळ बोलावून म्हणाली, "बाबू, कफनाला ते बाजारी अत्तर लावू नका. मळमळतं. पेटीत अब्बांची गुलाबाची कुपी आहे, तळाला दोन थेंब असतील. तेवढे पुरतील."

ती गेली त्या दिवशी कुपी मी नसरीनच्या हातात दिली. शेवटची आंघोळ बायकांनी घालायची असते, पुरुषांनी बाहेर थांबायचं. मी दाराशी उभा होतो. आतून कापराचा वास आला, मग साबणाचा. मग हळूच, खूप जुना, गुलाबाचा. भवानी पेठेतलं ते दुकान, ओळीने उलटी उभी पोरं, तो अंगठा, सगळं दाराच्या फटीतून बाहेर आलं.

थोड्या वेळाने नसरीन आली. डोळे सुजलेले, बाह्या ओल्या. रिकामी कुपी तिने माझ्या हातात ठेवली.

"लावलं, मामू," ती म्हणाली. "पाठीला पण. तिथं जरा जास्तच लावलं. चढ आहे ना पुढे."